खापरखेड्याची रांग

१५ जून २०२२, बुधवार. नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्यात एक माणूस एका खासगी बँकेच्या एटीएममध्ये पाचशे रुपये काढायला गेला. यंत्रातून पाचशेच्या पाच नोटा बाहेर आल्या. त्याने पुन्हा कार्ड घातले, पुन्हा पाचशेचा आकडा दाबला. पुन्हा अडीच हजार. बातमी वणव्यासारखी पसरली, एटीएमबाहेर गर्दी झाली आणि जो तो पैसे काढू लागला. त्या बँकेच्याच एका ग्राहकाने पोलिसांना कळवले तेव्हा हा प्रकार थांबला. पोलिसांनी येऊन एटीएम बंद केले आणि बँकेला निरोप दिला. शंभरच्या नोटांच्या कप्प्यात चुकून पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या होत्या. वृत्तसंस्थांनी बातमी दिली तोवर कोणावरही गुन्हा नोंदवला गेला नव्हता.

लोक ती बातमी वाचून हसले आणि दोन-तीन दिवसांत विसरले. पण परक्याचा पैसा हाती आला की आपण कसे वागतो, याचा विचार करायचा तर या रांगेपाशी थांबायला हवे. माणसाचा प्रामाणिकपणा तो एकटा असताना कळतो, ही कसोटी आपल्याला लहानपणापासून शिकवलेली असते. रस्त्यात पाकीट पडले आहे, आसपास चिटपाखरू नाही, आता तू काय करशील? शाळेतल्या गोष्टी, कीर्तनातले दृष्टान्त, आईचे ‘देव बघतोय’ हे सगळे त्या एकांतासाठी रचलेले. खापरखेड्यात एकांत होताच कुठे? पहिल्या माणसाला तो घटकाभर मिळाला असेल. त्यानंतरच्या प्रत्येकाने जे केले ते इतरांच्या देखत केले, आणि इतरांनाही तेच करताना पाहून केले. साक्षीदार असल्यामुळे लाज वाटायला हवी होती. उलट साक्षीदारांमुळेच ती गेली. परका पैसा ठेवून घेण्याचा मोह एकांतापेक्षा गर्दीत जास्त बळावतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण मुलांची तयारी करून घेतो ती मात्र एकांताची.

एटीएमच्या पोटात नेमके काय झाले ते समजून घेतले पाहिजे, कारण ‘मशीननेच दिले’ या म्हणण्याचे उत्तर तिथे आहे. यंत्राच्या तिजोरीत नोटांचे कप्पे असतात, त्यांना कॅसेट म्हणतात. मूठ असलेली लांबट पेटी. आत नोटा काठावर उभ्या रचलेल्या, मागून स्प्रिंगच्या पट्टीने पुढे रेटलेल्या. एका पेटीत दोन-अडीच हजार नोटा मावतात. कोणत्या पेटीत कोणती नोट आहे, हे यंत्राला आधी सांगून ठेवलेले असते. पैसे देताना ते नोटेवरचा आकडा वाचत नाही. ते नुसत्या नोटा मोजते आणि जाडी तपासून दोन नोटा चिकटून तर आल्या नाहीत ना, एवढे बघते. शंभरची म्हणून नोंदवलेल्या पेटीत पाचशेच्या नोटा असतील तर ते पाच नोटा बिनचूक मोजून बाहेर सारते आणि हिशेबात पाचशे रुपये लिहिते. दर खेपेला दोन हजार रुपये जास्त. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. म्हणजे एका खेपेचा जादा पैसा जवळपास आठ दिवसांच्या मजुरीएवढा. एवढा पैसा डोळ्यांसमोर येतो तेव्हा हात पुढे होणे मला समजते. ते समजत नाही असे सांगणारा माणूस खरे बोलत नाही.

पण यंत्र सगळे लिहूनही ठेवते. किती वाजता कोणते कार्ड घातले, किती रुपये मागितले, कोणत्या पेटीतून किती नोटा गेल्या, याची ओळीने नोंद होते. वर कॅमेरा असतो तो वेगळाच. रोकड भरणारे पुढच्या वेळी येतात, उरलेल्या नोटा मोजतात आणि ताळा लावतात. फरक कुठून कुठपर्यंत पडला ते त्या नोंदीवरून काढता येते. तेव्हा त्या दिवशी आपल्याला कोणी पाहत नाही असे ज्याला वाटले असेल, त्याचा अंदाज साफ चुकला होता. त्याचे नाव आणि खाते यंत्राच्या वहीत वेळेसकट चढलेले होते.

हे आधी ठाऊक असते तर रांग लागली नसती का? मला तसे वाटत नाही, आणि त्याला आधार आहे. १६ मार्च २०२४ रोजी इथिओपियातल्या सर्वांत मोठ्या, सरकारी मालकीच्या कमर्शियल बँक ऑफ इथिओपियाच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि खात्यात असतील त्याहून जास्त पैसे काढता येऊ लागले. विद्यापीठांच्या वसतिगृहांत फोनवरून निरोप फिरले, विद्यार्थी एटीएमकडे धावले. प्रत्येकाचे कार्ड त्याच्या स्वतःच्या नावाचे. कोणी किती नेले हे बँकेला कळणारच होते, आणि ही शिकलेली मुले होती, त्यांना ते कळत नव्हते असे नाही. बँकेने नंतर पैसे परत करण्याचे आवाहन केले. अनेकांनी ते केलेही. न करणाऱ्यांची नावे आणि छायाचित्रे बँकेने जाहीर केली. जे घेऊन गेले ते एकटे असते तर त्यांतले किती जण गेले असते, हा प्रश्न मला छळतो. ‘सगळेच घेताहेत’ या दोन शब्दांत केवढी ताकद आहे हे त्या रात्री दिसले.

पाहणारे डोळे माणसाला सरळ ठेवतात का, याचा शास्त्रज्ञांनीही शोध घेतला आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या एका विभागात चहा-कॉफीचे पैसे ज्याने त्याने आपणहून डब्यात टाकायचे, अशी सोय होती. डब्याच्या वरच्या दरपत्रकावर एका आठवड्यात फुलांचे चित्र, दुसऱ्या आठवड्यात माणसाच्या डोळ्यांचे चित्र लावले. २००६ मध्ये या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला: डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले होते. जगभर त्याची चर्चा झाली, दुकानांत आणि सायकलतळांवर डोळ्यांची चित्रे लागली. पुढे इतरांनी तोच परिणाम पुन्हा पडताळून पाहिला तेव्हा तो तितकासा टिकला नाही. माणूस नुसत्या डोळ्यांना फार काळ भीत नाही, असे मला त्यावरून वाटते.

दुसरा प्रयोग अधिक मोठा आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ४० देश, ३५५ शहरे, १७ हजारांवर पाकिटे. भारतही त्यात होता. संशोधकांचा माणूस बँकेत, टपाल कार्यालयात, हॉटेलात किंवा पोलीस ठाण्यात जाऊन समोरच्या कर्मचाऱ्याला सांगायचा, हे पाकीट बाहेर सापडले, मी घाईत आहे, तेवढे बघा. आणि निघून जायचा. पाकीट पारदर्शक. आत मालकाचे नाव आणि ईमेल-पत्ता असलेली तीन कार्डे, वाणसामानाची यादी आणि एक किल्ली. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत तेरा-साडेतेरा डॉलरच्या मोलाचे स्थानिक चलन होते. अर्थशास्त्रज्ञांना आधी विचारले तेव्हा पैसे जास्त असले तर प्रामाणिकपणा वाढेल असे काही त्यांना वाटले नव्हते. घडले ते उलटे. बिनपैशांची पाकिटे शेकडा चाळीस परत आली, पैशांची शेकडा एक्कावन्न. तीन देशांत सातपट पैसे ठेवून पाहिले, तर तिथे परतीचे प्रमाण शेकडा बाहत्तरवर गेले. आजूबाजूला कॅमेरा आहे की नाही, आणखी कोणी उभे आहे की नाही, यावर हे अवलंबून नव्हते.

त्या किल्लीपाशी मी थांबतो. संशोधकांनी काही पाकिटे किल्लीविना ठेवली आणि ती कमी परत आली. किल्ली सापडणाऱ्याच्या काही कामाची नसते. मालकाला मात्र तिच्यावाचून दारात उभे राहावे लागते. किल्ली पाहिली की मालक डोळ्यांसमोर येतो. वाणसामानाची यादीही तेच करते. साखर, तेल, दूध लिहिलेला कागद हातात आला की हा कोणाच्या तरी घरचा पैसा आहे हे कळते. आपल्याला कोणी पाहते आहे का, यापेक्षा ज्याचे आहे तो आपल्याला दिसतो आहे का, याने जास्त फरक पडतो.

खापरखेड्याच्या रांगेतल्या माणसाला मालक दिसत नव्हता. त्याला लोखंडी पेटी आणि बँकेची पाटी दिसत होती.

मालक न दिसण्याचा हा प्रकार आमच्या कन्हानलाही नवा नाही. खापरखेड्यावरून वाहत येणारी कन्हान नदी पुढे कामठी आणि कन्हान या दोन गावांच्या मधून जाते. पलीकडच्या तीरावर कामठी, अलीकडे पारशिवनी तालुक्यातले कन्हान-पिपरी. नागपूर-जबलपूर महामार्ग, हावड्याकडे जाणारी रेल्वे, रामटेकचा फाटा आणि भोवताली वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, खाणी: इंदर, गोंडेगाव, कामठी. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हापासून हा कोळसा देशाचा, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मालकीचा. तो खाणीतून, वाघिणीतून, ट्रकमधून चोरीला जातो, आणि ही चोरी अंधारातच होते असे नाही. सायकलीवर, दुचाकीवर पोती लादून नेणारी माणसे इथल्या रस्त्यांना नवी नाहीत. कन्हानच्या रेतीचेही तेच. बांधकामाला ही रेती चांगली म्हणून नागपुरात तिला मागणी, आणि घाटाचा लिलाव झालेला असो-नसो, नदीपात्रातून ट्रॅक्टर-टिप्पर निघतच राहतात. स्थानिक वर्तमानपत्रांत रेतीतस्करी आणि कोळसाचोरीच्या बातम्या इतक्या नियमाने येतात की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरून जाते. सगळ्यांना दिसते, कोणाला काही वाटत नाही.

इथे मला एक भेद करायचा आहे. चुलीपुरता कोळसा वेचणारी बाई आणि रात्रीतून टिप्पर भरून नेणारा टोळीवाला यांना मी एका मापाने मोजणार नाही. पहिलीच्या घरी सिलिंडर संपलेला असतो, दुसऱ्याच्या घरी गाडी नवी आलेली असते. पण दोघांना मोकळीक मिळते ती एकाच समजुतीतून: हे कोणाचेच नाही. सरकारचे म्हणजे कोणाचे? वेकोलिचे म्हणजे कोणाचे? बँकेचे म्हणजे कोणाचे? एकदा हा प्रश्न विचारून झाला की उरलेले काम गर्दी करते.

याच गावात, याच माणसांचे दुसरे वागणे मी रोज पाहतो. सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभे राहा. दहा-पंधरा जण प्लेटी हातात घेऊन खात असतात. ठेलेवाला एका हाताने पोहे वाढतो, दुसऱ्या हाताने तर्री ओततो, मधेच चण्याचा रस्सा मागणाऱ्याकडे वळतो. कोणी किती खाल्ले हे तो लिहून ठेवत नाही आणि त्याच्या लक्षात राहणे शक्यही नाही. खाणारा निघताना तो मान वर न करता विचारतो, ‘‘किती झाले भाऊ?’’ गिऱ्हाईक सांगते, ‘‘दोन पोहे, एक समोसा, एक चहा.’’ तो जोडून आकडा सांगतो. अख्खा धंदा गिऱ्हाइकाच्या जिभेवर चाललेला. एक समोसा कमी सांगितला तर कोणाला कळणार? पण बहुतेक लोक सांगतात, आणि चुकून कमी सांगितले गेले तर चार पावले गेलेला माणूस मागे येऊन ‘‘अजून एक चहा होता’’ म्हणून पैसे देऊन जातो. आता ठेल्यावर यूपीआयचा छोटा स्पीकर आला आहे. पैसे जमा झाले की तो आकडा मोठ्याने बोलतो. किती आले ते त्याला कळते, किती यायला हवे होते ते अजूनही गिऱ्हाईकच सांगते. ठेलेवाल्याची व्यवस्था अशी चालते याचे कारण तो समोर उभा असतो. त्याचे कपाळ घामेजलेले दिसते. त्याचा मुलगा कोणत्या शाळेत जातो हे आपल्याला ठाऊक असते.

एसटीतही हेच. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे आकडा लिहून द्यायचा आणि म्हणायचा, उतरताना घ्या. कितीतरी प्रवासी घाईत तसेच उतरायचे. खिडकीतून हाक मारून पैसे देणारे कंडक्टर आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेले आहेत.

रांगेत उभ्या माणसाच्या मनात जे युक्तिवाद येतात ते ऐकून घेतले पाहिजेत. ते चोरांचे नाहीत, आपलेच आहेत. ‘मशीनने दिले, आम्ही घेतले’ हा पहिला. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस विहारात, आणि इथल्या प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात, रोज पंचशील म्हटले जाते. जे आपल्याला दिलेले नाही ते न घेण्याचे व्रत त्यातले दुसरे शील आहे. यंत्र देत नसते, देणारा माणूस असतो, आणि त्या माणसाने पाचशेच द्यायचे ठरवले होते. कायदाही हेच सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७२ व्या कलमाप्रमाणे ज्याला चुकून पैसे दिले गेले त्याने ते परत केलेच पाहिजेत. चूक कोणाची, हा प्रश्न तिथे येत नाही. देणाऱ्याची चूक घेणाऱ्याला मालक करत नाही. मुद्दाम दाबून ठेवले तर प्रकरण फौजदारीत जाते. जुन्या दंडसंहितेचे ४०३ वे कलम अप्रामाणिकपणे दुसऱ्याची मालमत्ता आपली करण्याबद्दलचे होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे ३१४ वे कलम आहे, आणि शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड.

या कलमाखालची उदाहरणे दीडशेहून अधिक वर्षे जुनी आहेत, तरी आजही वाचावीत अशी. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, कोणाचा ते ठाऊक नाही, उचलला: गुन्हा नाही. रस्त्यात पत्र सापडले, आत नोट आहे, पत्त्यावरून मालक कळतो, तरी ठेवून घेतली: गुन्हा. पाकीट सापडले तेव्हा मालक ठाऊक नव्हता, पुढे कळला, तरी वापरले: गुन्हा. म्हणजे कायदाही बोट तिथेच ठेवतो जिथे त्या किल्लीने ठेवले होते. मालक कळतो का? कळून घेण्याचा वाजवी प्रयत्न केला का? एटीएमसमोरच्या माणसाला मालक शोधावा लागणार नव्हता. पाटी डोक्यावर होती.

‘मी नाही घेतले तर दुसरा घेईल’ हा युक्तिवाद मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण बहुतेक वेळा तो खरा असतो. दुसरा घेणारच असतो. पण त्याने घेतले तर परत त्याने करायचे असतात, मी घेतले तर मी. माझ्या वाट्याचे उत्तर त्याच्या वाट्याला ढकलता येत नाही.

आणि नुकसान होते कोणाचे? बँकेचे, असे आपण म्हणतो. बहुतेक एटीएममध्ये नोटा भरण्याचे काम बँकेचे कर्मचारी करत नाहीत. रोकड नेणाऱ्या एजन्सीची, कमी पगाराची कंत्राटी मुले दिवसभर गाडीतून फिरत एकामागून एक यंत्रे भरतात. तुटीची जबाबदारी करारानुसार सहसा एजन्सीवर येते, आणि एजन्सी सर्वांत आधी त्या मुलांकडे पाहते. उघड्यावर नोटा भरण्याच्या पद्धतीत चुका आणि चोऱ्या होतात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच भरून कुलूपबंद केलेल्या कॅसेट अदलाबदल करण्याची पद्धत आणायला सांगितले होते. मुदती वाढत गेल्या. त्या दिवशी ज्याने पेटी चुकवली त्याची नोकरी पणाला लागली असणार. तो रांगेत कोणाला दिसला नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद: ‘बँका आम्हाला लुटतात ते?’ हा राग मी खोटा म्हणणार नाही. किमान शिल्लक नाही म्हणून गरिबाच्या खात्यातून पैसे कापले जातात, संदेश पाठवल्याचे पैसे कापले जातात, न मागितलेला विमा गळ्यात मारला जातो. आणि परक्याचा पैसा सांभाळण्याच्या बाबतीत बँकांनीही स्वतःकडे पाहावे. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात. मार्च २०२४ अखेर तिथे ७८ हजार २१३ कोटी रुपये जमले होते. त्यातले कितीतरी पैसे मेलेल्या माणसांचे आहेत, ज्यांच्या वारसांना पासबुकाचा पत्ताच नाही. शोध घेता यावा म्हणून २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे पोर्टल आले. पण खेड्यातल्या म्हातारीला संकेतस्थळ कोण दाखवणार? ज्या बँकेला कर्जाचा हप्ता चुकला की घर सापडते, तिला वारसाचे घरही सापडायला हवे. तरीसुद्धा, बँकेने माझे कापले म्हणून मी तिचे ठेवून घेतो हा हिशेब जुळत नाही. ज्याचे कापले गेले तो कोणी वेगळाच असतो, आणि ज्याच्या हाती जादा नोटा आल्या तो वेगळा.

आपल्याच राज्यातली दोन माणसे मला या संदर्भात आठवतात. नावे देत नाही. ती वर्तमानपत्रांत येऊन गेली आहेत आणि या लेखाला त्यांची गरज नाही.

पहिला पैठण तालुक्यातला शेतकरी. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या जनधन खात्यात अचानक पंधरा लाखांहून जास्त रुपये जमा झाले. निवडणुकीतले पंधरा लाखांचे बोलणे त्याने ऐकलेले. पंतप्रधानांनीच पाठवले असा त्याचा समज झाला. त्याने आभाराचे पत्रही पाठवले आणि सुमारे नऊ लाख काढून घर बांधले. काही महिन्यांनी कळले की तो पैसा एका ग्रामपंचायतीचा, विकासकामांचा होता. खाते क्रमांकाच्या घोळात त्याच्याकडे गेला होता. बँकेने परत मागितला. लोक या माणसावर हसले. मला तो खापरखेड्याच्या रांगेपेक्षा पुष्कळ बरा वाटतो. त्याने लपवले नाही. देणारा कोण हे त्याला चुकीचे का होईना ठाऊक होते आणि त्याने त्याला कळवले. एकच गोष्ट त्याने करायची राहिली: बँकेत जाऊन विचारायची. ते पैसे परत करायलाच हवेत यात शंका नाही, कारण ते एका गावाच्या पाण्याचे, रस्त्याचे होते. पण त्याच्या खात्यात चुकीचा पैसा महिनोन् महिने पडून राहिला आणि कोणत्याही कार्यालयाला कळले नाही, याची लाज आधी त्या कार्यालयांना वाटायला हवी.

दुसरा साताऱ्याच्या माण तालुक्यातला, तुटपुंज्या कमाईचा माणूस. २०१९ च्या दिवाळीत दहिवडीच्या बसथांब्यावर त्याला नोटांचे पुडके सापडले. चाळीस हजार रुपये. त्याने आजूबाजूला विचारायला सुरुवात केली. थोड्या वेळाने कावराबावरा झालेला एक माणूस काहीतरी शोधताना दिसला. बायकोच्या शस्त्रक्रियेसाठी आणलेले ते पैसे होते. पैसे मिळाल्यावर त्याने हजार रुपये देऊ केले. या माणसाने सात रुपये घेतले. गावाला जायचे तिकीट दहा रुपयांचे होते आणि खिशात तीनच होते. बातमी पसरल्यावर राजकारणी मंडळींनी सत्कार केले, पैसे देऊ केले. ते त्याने घेतले नाहीत.

हे सात रुपये मला चाळीस हजारांपेक्षा मोठे वाटतात. एक रुपयाही नको म्हणून तो घरी चालत गेला असता तर आपण त्याला संत म्हणून मोकळे झालो असतो, आणि संतांसारखे वागणे आपल्याला जमणार नाही असे स्वतःला सांगितले असते. त्याने गरजेपुरते घेतले. आपले काय आणि परक्याचे काय, याचा हिशेब त्याला रुपया-रुपयापर्यंत येत होता. आणि मालक समोर येईपर्यंत तो थांबला, त्याला शोधायला निघाला. गर्दी तिथेही असेल, पण त्याने गर्दीला विचारले ते एवढेच: हे कोणाचे आहे?

खापरखेड्यातही एक माणूस होता, ज्याने पोलिसांना कळवले. त्याचाही सत्कार झाला असता तर मला आनंद झाला असता, पण तो बातमीत ‘एक ग्राहक’ म्हणूनच राहिला. गर्दीत उभे राहून फोन लावणे सोपे नसते. आजूबाजूचे शेजारी असतात, उद्या तोंड दाखवायचे असते. ‘तुझ्यामुळे मशीन बंद झाली’ हे ऐकावे लागते. एकांतातल्या प्रामाणिकपणाला एवढी किंमत मोजावी लागत नाही. पोरांना गोष्टी सांगताना या माणसाचीही सांगावी.

जातककथांमध्ये, शीलवीमंसन जातकात, एक आचार्य शिष्यांची परीक्षा घेतो. मुलीच्या लग्नासाठी कोणाला न दिसता चोरून वस्त्रे-दागिने आणा, असे तो सांगतो. सगळे आणतात, एक जण रिकाम्या हाताने येतो आणि म्हणतो, अशी जागाच सापडली नाही, मी स्वतः तर पाहतच होतो. ही कथा मला प्रिय आहे. पण आजच्या कन्हानमध्ये, जिथे वाघिणीतला कोळसा सगळ्यांच्या देखत उतरतो, तिथे आचार्याने परीक्षा वेगळी ठेवली असती असे मला वाटते: सगळे जण उचलत असताना कोण हात मागे घेतो ते पाहण्याची.

आता हे प्रसंग एटीएमपेक्षा फोनवर जास्त येणार आहेत. यूपीआयवर एक आकडा चुकला की पैसे भलत्याच माणसाला जातात. पाठवणाऱ्याने तक्रार केली तरी त्याची बँक समोरच्याच्या संमतीशिवाय सहसा ते परत काढू शकत नाही. म्हणजे ज्याच्या खात्यात ते आले त्याच्या ‘हो’ म्हणण्यावर सगळे अवलंबून. तिथे रांग नाही, मशीन नाही. फक्त एक संदेश आणि एक अनोळखी नाव. आणि याच सद्भावनेवर भामट्यांनी धंदा उभा केला आहे. ‘चुकून तुम्हाला पैसे आले, परत पाठवा’ म्हणून फोन येतो, खोटा संदेश दाखवला जातो, आपण आपलेच पैसे पाठवून बसतो. कधी पैसा खरा येतो पण तो दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतला असतो आणि मग पोलीस आपलेच खाते गोठवतात. सरळ माणसाला सरळ राहणे अवघड करणारा हा काळ आहे, म्हणून वाट नीट माहीत हवी.

एटीएमवर बँकेचा संपर्क क्रमांक लावलेला असावा असा दंडक आहे. तो मराठीत, मोठ्या अक्षरात आणि उचलला जाणारा असावा, एवढी मागणी आपल्या नगरपरिषदेने आणि ग्राहक संघटनांनी बँकांकडे करायला हवी. जादा नोटा निघाल्या तर ग्राहकाला पोलीस ठाणे गाठावे लागू नये. आणि वाचकांना एक सांगणे. तुमच्या खात्यात ओळख नसलेला पैसा आला तर आधी पासबुक किंवा बँकेचे स्वतःचे ॲप उघडून तो खरोखर आला आहे का ते पाहा. फोन करणाऱ्याला थेट काही पाठवू नका. तो पैसा खर्चू नका. शाखेत जा, अर्ज लिहून द्या, आणि त्यावर शिक्का मारलेली पोच घेऊनच बाहेर या.